नंदू, कॅमेरे बसणार नाहीत

नंदू,

तुझी शेवटची इच्छा काय होती हे मला आता सगळ्यांनी सांगून झालंय. तुझ्या बायकोने सांगितलं, तुझ्या मुलाने, ओंकारने सांगितलं, रोह्याच्या तुझ्या कंपनीतून भेटायला आलेल्या साहेबाने तर बूट काढता काढता दारातच सांगितलं. हमरापूरच्या कारखान्यात ताईने कॅमेरे बसवावेत, मुंबईच्या त्या ऑनलाइन मूर्ती विकणाऱ्या कंपनीशी करार करावा आणि म्हातारपणी निवांत बसावं, अशी म्हणे तुझी इच्छा होती. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं. तुझ्या घरात, तुझ्या फोटोसमोर बसून मी वाद घालणार नव्हते.

तुझ्याशी मात्र घालणार. ती तुझी शेवटची इच्छा नव्हती, ते तुझं मत होतं. होळीच्या आदल्या रविवारी तू आलास, आपण नेहमीसारखे भांडलो, तू तुझं बोलून घेतलंस, गाडीची वेळ झाली म्हणून उठलास. पुढच्या रविवारी माझी पाळी होती. मी आठवडाभर मनात सगळं जुळवून ठेवलं होतं, कुठला मुद्दा आधी काढायचा, तू कुठे अडशील, मग मी काय म्हणेन. आणि तू गेलास. माझी पाळी यायच्या आत माणूस गेला म्हणून तो जिंकला, हे मी मानणार नाही. इतरांनी खुशाल मानावं.

मला तुझा इतका राग आलाय की एक वेळ सोडली तर रडायचं राहूनच जातंय.

करार काय आहे ते तुला पाठ होतं, पण मी पुन्हा मांडते, कारण तू तो नेहमी गोड करून सांगायचास. आपली शेड म्हणजे बाबांनी उभी केलेली, पत्र्याची. साच्यातून गणपती निघतात, आजूबाजूच्या गावांतल्या बायका ते रंगवतात आणि शेवटी सुगंधा डोळ्यांची आखणी करते. कंपनीची अट अशी की प्रत्येकीच्या डोक्यावर कॅमेरा. कोणी किती वेळात किती काम केलं ते त्यांच्या मोबाइलवर दिसणार आणि त्यावरून प्रत्येकीला रंग मिळणार, हिरवा, पिवळा नाहीतर लाल. लाल आली तिचं काम कमी. बदल्यात आपला सगळा माल ते उचलणार, भाद्रपद जवळ आला की पोटात येणारा गोळा कायमचा जाणार. हा गोळा मला ठाऊक आहे, तुला फक्त ऐकून ठाऊक होता. तरी नाही म्हणणारी मी होते आणि हो म्हणणारा तू.

तू, ज्याने माणसं कशी सांभाळावीत याची सगळी पुस्तकं कोळून प्यायली होती.

तुझ्या दारावरची पाटी कितीदा बदलली ते आठव. रोह्याला लागलास तेव्हा लेबर ऑफिसर, मग पर्सोनेल ऑफिसर, मग एच.आर. मॅनेजर आणि शेवटी बिझनेस पार्टनर का काय, ज्याचा अर्थ तुलाही मला नीट सांगता आला नव्हता. खुर्ची तीच होती आणि पाठीमागची उशीही मी शिवलेली तीच. दर पाटीबरोबर एक नवा सिद्धांत यायचा आणि तो तू रविवारी आधी आपल्या शेडमध्ये करून बघायचास. कंपनीत फसला असता तर युनियनने तुला दरवाजात अडवलं असतं. आपल्याकडे फसला तर फक्त माझं तोंड ऐकावं लागायचं.

पहिला आला तो घड्याळाचा. तू नुकताच डिप्लोमा करून आला होतास, गळ्यात स्टॉपवॉच. कामाचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा मोजायचा, सगळ्यात सोपी रीत शोधायची आणि ती सगळ्यांना लावायची. बायकांना आधी वाटलं तू शर्यत लावतोयस. तोपर्यंत एक बाई एक मूर्ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत रंगवायची. तू एकीला पीतांबर दिलंस, एकीला दागिने, एकीला मुकुट. मी कडाडून विरोध केला आणि तू बरोबर निघालास. माल वाढला, बायका दिवेलागणीच्या आधी घरी जायला लागल्या, आजही आपल्याकडे काम तसंच चालतं. जिथे तू जिंकलास तिथे मी तुला कधी नाडलं नाही.

आखणीला मात्र तुझं घड्याळ चाललं नाही. आपल्याकडचा रिवाज तू विसरला होतास. आखणीला बसलेल्या बाईशी कोणी बोलत नाही, तिच्या पाठीमागे कोणी उभं राहत नाही, ती मनात येईल तेव्हा उठते आणि मनात येईल तेव्हा बसते. तू सुगंधाच्या मागे उभा राहून बटण दाबलंस. ती तेव्हा गावात नवी सून होती, ब्रश वाटीत ठेवून नुसती बसून राहिली. तूही हट्टाने उभा. शेवटी बाबांनी तुला चहा सांगून ये म्हणून बाहेर पिटाळलं आणि तू परत येईपर्यंत तिने आपलं काम सुरू केलं होतं. त्यावर आपण दोघं नंतर पोट धरून हसलो होतो.

मग तू एकदा एकदम उलटं ज्ञान घेऊन आलास. घड्याळ वगैरे सगळं वरवरचं, माणसाकडे कोणी आपुलकीने लक्ष दिलं की तो आपसूक चांगलं काम करतो. पाट घेऊन तू एकेकीशेजारी बसलास आणि घरी कसं काय, मुलं काय करतात, विचारायला लागलास. संध्याकाळपर्यंत त्यांनीच तुझ्याकडून सगळं काढून घेतलं, लग्न का करत नाहीस इथपासून पगार कुठे जातो इथपर्यंत. पुढच्या रविवारी तुझ्यासाठी दोन स्थळं आली होती.

पण ह्याच सिद्धांताने तुझ्या हातून रोह्यात जे झालं त्याबद्दल मी तुझ्यापुढे हात जोडते. तुमच्या कँटीनमध्ये कायम कामगार आधी जेवायचे. ठेक्यावरचे, म्हणजे आदिवासी वाड्यांवरून आणि निडीकडून येणारे, नंतर, तेही बाहेर भिंतीच्या सावलीला. तू एक दिवस आपलं ताट घेऊन बाहेर जाऊन बसलास. दुसऱ्या दिवशीही बसलास. युनियनवाले रुसले, मोठ्या साहेबाने बोलावून घेतलं, तर तू त्याला पुस्तकातलं पान दाखवलंस आणि म्हणालास की हे मी नाही म्हणत, हे शास्त्र म्हणतंय. शास्त्र असलं काही म्हणत नव्हतं हे तू मला नंतर सांगितलंस. वर्ष उलटायच्या आत सगळे एका छपराखाली जेवायला लागले.

तू गेल्यावर वाडीवरचे वाघमारे आले होते, ठेक्यावरचेच, आता बरेच थकलेत. ते आत येईनात. मी दाराशी गेले तर म्हणाले, "बाई, साहेब आमच्यात जेवला. कंपनीत दुसरा कोन नाय जेवला." मला तेव्हा पहिल्यांदा रडू आलं, आणि ते तुझ्यासाठी आलं, सिद्धांतासाठी नाही.

त्यानंतरचा सिद्धांत मला सगळ्यात आवडला होता, म्हणून तोच मी तुझ्यावर उलटवणार होते. साहेब लोक दोन प्रकारचे, असं तू सांगितलंस. एकाला वाटतं माणूस मुळात कामचोर, मागे लागल्याशिवाय हात हलवायचा नाही. दुसऱ्याला वाटतं माणसाला काम हवंच असतं, आपण फक्त मध्ये कडमडू नये. बाबा पहिल्यातले आणि ताई दुसऱ्यातली, असं तू भर जेवणात जाहीर केलंस आणि बाबा पानावरून उठून गेले. मग तू आवाज खाली आणून म्हणालास, "ताई, गंमत काय, दोघं पण खरे ठरतात. चोर समजून ज्याच्यावर नजर ठेवशील तो चोरी करायला शिकतो. मग साहेब बोलतो, बघा, मी सांगत होतो."

हे तुझे शब्द आहेत. आता कॅमेऱ्याला विचार तो कुठल्या प्रकारातला साहेब आहे.

कारखान्यांत जपानी पद्धतींची लाट आली तेव्हा तू सगळ्यांना गोल करून बसवलंस आणि सूचना मागितल्या. चांगल्या सूचना आल्या, हे खरं. पंख्याची दिशा बदलली, ओल्या मूर्तींची फळी दारापासून हलली. त्याच भरात तू महिन्याची उत्तम कारागीर ठरवायला लागलास. पहिला मान सुगंधाचा. पेणहून तिचा फोटो मोठा करून, चौकट घालून आणलास आणि भिंतीवर लावलास. त्यातच दसरा आला. आपण साच्यांची, ब्रशांची, कॉम्प्रेसरची पूजा केली, सगळ्यांना झेंडूच्या माळा घातल्या, एक माळ उरली. ती तू मोठ्या कौतुकाने सुगंधाच्या फोटोला घातलीस. कुंकू पण लावलंस. आणि मी शेजारी उभी राहून टाळ्या वाजवत होते, माझ्याही डोक्यात काही आलं नाही.

आलं ते तिच्या सासूच्या. ती प्रसाद घ्यायला दारात आली, भिंतीकडे बघितलं आणि तिथेच खाली बसली. "माझी सून जित्ती हाय रं, नंदू," एवढंच म्हणाली. तू फोटो काढायला धावलास तर स्टूल पडलं, तू पडलास, वरून शेंदरी रंगाचा डबा तुझ्या अंगावर. सुगंधा पुढे कितीतरी दिवस तुझ्यासमोरून जाताना म्हणायची, मी मेल्याली बाई, माझ्याकडून कामाची आशा धरू नका. तुमच्या कंपनीत मात्र तो उत्तम कामगाराचा फोटो चालू राहिला, आणि तू दर दसऱ्याला आधी जाऊन बघायचास की कोणी माळ तर घातली नाही ना.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता येत होतं. मग रेटिंग आलं.

वर्षअखेरीला प्रत्येक खात्यातली माणसं क्रमाने लावायची आणि शेवटचे काही खाली टाकायचेच, सगळ्यांनी जीव ओतून काम केलं असलं तरी. तो सिद्धांत तू शेडमध्ये करून बघितला नाहीस. त्या वर्षीपासून दर मार्चमध्ये तू यायचास, माझ्याशी धड बोलायचा नाहीस, लेंगा वर खोचून माती मळायला बसायचास. माती मऊ झाली तरी मळत राहायचास. कोणाला खाली टाकलंस हे तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. नाव घेतलं असतंस तर तो माणूस तिथे येऊन उभा राहिला असता, आणि तुला ते झेपलं नसतं.

पुढे हसऱ्या चेहऱ्यांचे फॉर्म आले, कामगार खूश आहेत का ते मोजायचे. मग मोबाइलवरचं ॲप आलं. तू रिटायर झालास. तुझ्या जागी आलेली मुलगी परवा तुमच्या घरी मला म्हणाली की सर जुन्या वळणाचे होते, पण काळाबरोबर राहायचे. पोरगी चांगली आहे, तिला काही बोलले नाही. पण काळ कुठे गेला ते मला सांग ना. घड्याळापासून निघालात आणि कॅमेऱ्यापाशी आलात, म्हणजे पुन्हा घड्याळापाशीच. मधली सगळी वर्षं तुम्ही लोक माणसाच्या हातावरून नजर काढून त्याच्या तोंडाकडे बघायला शिकत होतात. तू तर शिकलाही होतास. मग आता पुन्हा हाताकडे का?

हे मी तुला त्या शेवटच्या रविवारी विचारलं होतं. तू बराच वेळ चप्पल शोधण्यात घालवलास. मग म्हणालास, "कॅमेरा आकस धरत नाय, ताई. माणूस धरतो. मी धरलाय. एकाला मी रागाने खाली टाकलं, त्याचं काम चांगलं होतं." आणि निघालास. मी स्टेशनापर्यंत यायचे नेहमी, त्या दिवशी तू नको म्हणालास.

तर तुझ्या कॅमेऱ्याच्या मागे हे होतं. तुला सुगंधावर नजर ठेवायची नव्हती, तुला तिला माझ्यापासून वाचवायचं होतं. उद्या मी कधी चिडले, कधी कोणावर डूख धरला, तर यंत्राने तिला खरं माप द्यावं, असं तुला वाटत होतं. एवढी वर्षं माणसं सांभाळून तुझा माणसावरचाच विश्वास उडाला होता, आणि सुरुवात तू स्वतःपासून केली होतीस. हे मला कळलं तेव्हा तुझी गाडी कासू स्टेशनाच्या पुढे गेली असेल. फोन करून बोलण्याची ही गोष्ट नव्हती, म्हणून मी रविवारची वाट बघितली.

आता दहाव्याचं सांगते. बायकांनी घाटावर यायचं नसतं असं कोणीतरी म्हणालं, तोवर मी आणि सुगंधा रिक्षात बसलो होतो. कुंडलिकेच्या काठावर ओंकारने पिंड ठेवला. झाडावर कावळे होते, ओरडत होते, खाली कोणी येईना. ऊन वर चढलं. ओंकार ओल्या पंच्याने उभा, सकाळपासून पोटात काही नाही. एकेकाने पुढे होऊन तुला शब्द दिले. तुझ्या बायकोला नीट बघू, ओंकारचं लग्न करून देऊ, नागोठण्याच्या जागेचं मिटवू. कावळा काही शिवला नाही. मग सगळ्यांची नजर माझ्याकडे वळली.

ओंकार म्हणाला, "आत्या, बोल ना. बाबांचं तेवढंच राहिलंय." त्याचे डोळे लाल झाले होते. त्याला वाटत होतं की माझ्या एका शब्दासाठी त्याचा बाप अडकून पडलाय. सुगंधा माझ्या कानाशी आली आणि हळूच म्हणाली, "बोलून टाक गो. बसवते बोल. मागनं बघू काय ता." जिच्या डोक्यावर कॅमेरा बसणार तीच मला हे सांगत होती, पोराला उन्हातून सोडवण्यासाठी. आणि सोपं होतं ते. एक वाक्य बोलायचं, ओंकारला घरी न्यायचं, जेवू घालायचं. दिलेला शब्द मोडला तर तू काही विचारायला येणार नव्हतास.

पण तुला खोटं सांगून मी एकही भांडण जिंकलेली नाही, नंदू. तू जिवंत असताना नाही, मग तू तोंडात तुळशीचं पान धरून निमूट झाल्यावर तर मुळीच नाही. मी पुढे झाले. गुरुजींना वाटलं मी हात जोडणार. मी मोठ्याने बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "नंदू, तू आकस धरलास, तो तुला जन्मभर खुपला. खुपला म्हणून तू माणसांचा साहेब होतास. कॅमेऱ्याला काय खुपणार नाय. मी नाय बसवायची."

तुझ्या चुलत सासऱ्यांनी तोंड फिरवलं. ओंकारने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याचं काहीतरी हिसकावून घेतलंय, आणि ते बघणं मला फार लागलं, ते अजून लागतंय. कावळा आला नाही तो नाहीच आला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिवून घेतला आणि विधी उरकला. परतताना बायका कुजबुजत होत्या की बहिणीने भावाचा आत्मा अडकवला. मी रिक्षात बसून मनात म्हटलं, अडकलेला नाही, अडून बसलाय. माझ्या भावाला मी लहानपणापासून ओळखते. एवढ्या एका वाक्याने तो ऐकणारा असता तर आम्ही चाळीस वर्षं भांडलो नसतो.

ओंकार माझ्याशी अजून बोलत नाही. बोलेल. तो आला की मी त्याला कँटीनच्या भिंतीची गोष्ट सांगेन, माती मळायची पण सांगेन, त्याला बापाचं दोन्ही कळू दे. आणि मी कधी सुगंधावर डूख धरला तर तिने माझ्या तोंडावर सांगायचं, असं मी तिला सगळ्यांसमोर बजावून ठेवलंय. तिने लगेच सांगितलं की मग आजपासूनच सुरू करते, आणि खरंच दोन गोष्टी सुनावल्या. त्या बरोबर होत्या.

मुंबईच्या त्या कंपनीला काल फोन केला. त्यांनी फार गोड आवाजात सांगितलं की मॅडम, घरच्यांशी एकदा बोलून बघा. मी म्हटलं, घरात ज्याच्याशी बोलायचं होतं त्याच्याशी बोलून झालंय. भाद्रपदाचा गोळा पोटात आत्ताच आलाय. माल राहिला तर राहील, मी पेणच्या नाक्यावर मांडून विकेन. पाडवा झाला की सुगंधा आखणीला बसणार आहे आणि तिच्या मागे कोणी उभं राहणार नाही.

फोन ठेवला आणि मी बसून राहिले, का ते मला बऱ्याच वेळाने कळलं. मी नाही म्हटलं होतं, नंदू, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर तू काही बोलला नव्हतास.